फोटो काढा, पण पळून जाऊ नका

मागच्या महिन्यात एका मित्राकडे त्याच्या युरोप ट्रिपचे फोटो बघायला जमलो होतो. टीव्हीला फोन जोडलेला, एकामागून एक फोटो सरकतायत, पूल, नदी, चर्चचे मनोरे, सूर्य बुडाल्यानंतरच्या निळ्या उजेडात गच्चीवरून दिसणारी लाल कौलं, सगळं मस्त. मग एक फोटो आला. ट्रामच्या थांब्यावर बाकावर झोपलेला एक म्हातारा, तोंड उघडं, मांडीवरची कापडी पिशवी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण तिथून जे भांडण लागलं ते दीड तास चाललं. वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नकोस म्हणून." मित्र म्हणाला, रस्त्यावर होता ना, पब्लिक जागा आहे, कायदेशीर आहे. शेजारचे काका म्हणाले की मुळात एवढे पैसे घालून जाता आणि सगळं कॅमेऱ्यातूनच बघता, डोळे कशाला दिलेत देवाने. कोणीतरी परवानगीचा मुद्दा काढला, कोणीतरी कलेचा, आवाज चढले, नेहमीप्रमाणे. मी मधेच सहज विचारलं, "हा कुठल्या गावातला रे?" तर मित्र अडखळला. "लिस्बन... नाही, पोर्तो असेल. थांब, तारीख बघतो."

वाद पुढे चालूच राहिला, पण माझ्या मते मुद्दा तिथेच सापडला होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

परदेशात फिरताना शहरांचे, रस्त्यांचे, अनोळखी माणसांचे फोटो काढावेत का यावर हल्ली सगळीकडे हीच तीन वाक्यं फिरतायत. डोळ्यांनी बघा. पब्लिक जागा आहे. परवानगी घ्या. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्हींनी वाद बिघडवून ठेवलाय असं माझं मत आहे. मी आपला आधीच सांगून टाकतो की फोटो काढण्यात काही चूक नाही, रस्त्यावरच्या माणसांचे सुद्धा काढावेत, भरपूर काढावेत. माझा आक्षेप आहे तो काढून पळण्यावर. फोटो काढणारा तिथे किती वेळ थांबला, समोरच्याला दिसेल असा उभा होता का, आणि समोरच्याने काही म्हटलं असतं तर ते ऐकायला हा जागेवर होता का, एवढंच मला विचारायचंय. बाकी कायदा वगैरे नंतर बघू.

आधी काकांचं घेऊ, कारण "डोळ्यांनी बघा" हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. लिंडा हेंकेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्युझियममध्ये प्रयोग केला होता, ज्यांनी वस्तूंचे फोटो काढले त्यांना त्या वस्तू नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. २०१४ च्या आसपास हे खूप गाजलं आणि तेव्हापासून प्रत्येक काकांच्या खिशात तो प्रयोग असतो. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून ज्यांनी फोटो काढले त्यांची आठवण तशी घसरली नाही. मग २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी फिलाडेल्फियात टुरिस्ट बसमधल्या लोकांवर प्रयोग केला, निम्म्यांना फोटो काढायला सांगितलं, निम्म्यांना नाही, तर फोटो काढणाऱ्यांनाच फेरी जास्त आवडली, कारण काय टिपायचं हे शोधताना ते त्यात जास्त गुंतले. त्याच मंडळींनी पुढे असंही दाखवलं की फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त लक्षात राहतं आणि ऐकलेलं कमी. हे मला एकदम पटतं. इस्तंबूलच्या एका गल्लीचे माझ्याकडे चाळीस फोटो आहेत आणि तिथे कुठलं गाणं वाजत होतं ते काही केल्या आठवत नाही. म्हणजे हिशेब इतका सरळ नाहीये की कॅमेरा आला आणि अनुभव गेला. कॅमेरा कसा वापरला, घाईत की लक्ष देऊन, यावर सगळं आहे.

आणि हे "आजकालची पिढी" प्रकरण तर सोडूनच द्या. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी निसर्ग बघायला जाताना खिशात एक छोटा गडद रंगाचा बहिर्वक्र आरसा ठेवायचे, क्लॉड ग्लास म्हणायचे त्याला. देखावा आला की त्याच्याकडे चक्क पाठ करून उभं राहायचं आणि आरशात बघायचं, म्हणजे तो चित्रासारखा दिसतो. पाठ करून! थॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटांची सालं काढून घेतली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सेल्फीच्या नादात पडणाऱ्यांना हसताना हे लक्षात असू द्यावं. ज्यांच्याकडे पैसे होते ते व्हेनिसला जाऊन कानालेत्तोने रंगवलेला कालव्याचा देखावा विकत घेऊन परत यायचे आणि त्याला कोणी उथळ म्हटलं नाही, उलट दिवाणखान्यात टांगला की इभ्रत वाढायची. मग तोच देखावा फोनवर फुकट घरी नेता यायला लागला तेव्हाच नेमकी सगळ्यांना डोळ्यांची आठवण का व्हावी? मला त्यात थोडा वर्गाचा वास येतो. असो.

आता माझ्या मित्राचं, "पब्लिक जागा आहे." याला मी हलक्यात घेणार नाही, कारण त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्याने मांडलाच नाही. तो मुद्दा असा की न विचारता काढलेले फोटो नसते तर शहरं गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी दिसत होती हे आपल्याला कळलंच नसतं. १८३८ मध्ये लुई दागेर या फोटोग्राफीच्या आद्य शोधकाने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. दिवसाढवळ्याचा गजबजलेला रस्ता, पण फोटो उमटायलाच काही मिनिटं लागत असल्यामुळे चालणारी माणसं, घोडे, गाड्या सगळं पुसलं गेलं, रस्ता ओस. फक्त खालच्या कोपऱ्यात एक माणूस उमटलाय, एक पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेत असलेला, तो तेवढा वेळ हलला नाही म्हणून. फोटोत आलेला जगातला पहिला माणूस बहुतेक हाच, आणि त्याला आयुष्यभर पत्ता नसणार. त्याची परवानगी घ्यायला दागेर खाली उतरला असता तर काय मिळालं असतं? हॅट नीट करून ताठ उभा राहिलेला एक गृहस्थ. विचारल्याने रस्ता मरतो, फक्त माणसं आणि त्यांचं हसू उरतं, हे कॅमेरा घेऊन फिरलेल्या कुणालाही माहीत असतं.

तरी पण. या "खऱ्या क्षणा"च्या पूजेतही बरीच भानगड आहे. पॅरिसच्या नगरपालिकेसमोर गर्दीत चुंबन घेणारं ते जोडपं, रोबेर द्वानोचा १९५० चा फोटो, पोस्टर होऊन जगभर भिंतींवर लागला, अचानक टिपलेलं प्रेम म्हणून. १९९० च्या दशकात एका जोडप्याने "ते आम्हीच" म्हणून कोर्टात दावा लावला तेव्हा द्वानोला सांगावं लागलं की ते दोघं नाटक शिकणारे कलाकार होते आणि त्याने त्यांना विचारून, सांगून तो फोटो काढला होता. म्हणजे कँडिडचा, नकळत टिपलेल्या फोटोंचा, बादशहा समजला गेलेला फोटो परवानगीचा निघाला आणि फोटो म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. दुसरीकडे आंरी कार्तिए-ब्रेसाँ, ज्याच्या नावाने सगळे स्ट्रीट फोटोग्राफर शपथ घेतात, तो आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकायचा म्हणजे लोकांच्या लक्षात येऊ नये, आणि स्वतःचा फोटो मात्र सहसा काढू द्यायचा नाही. कारण सांगायचा की चेहरा ओळखीचा झाला तर रस्त्यावर काम करता येणार नाही. कारण पटण्यासारखं आहे. पण मग ज्या माणसाला आपला चेहरा फिरायला नको असं वाटतं त्याचंही काही कारण असू शकतं की नाही?

आणि कायद्याचा आधार घेणाऱ्यांनी एकदा विमान बदललं की कायदा बदलतो हे विसरू नये. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लॉर्का डीकॉर्शिया या फोटोग्राफरने १९९९ ते २००१ मध्ये टाइम्स स्क्वेअरला बांधकामाच्या मचाणावर फ्लॅश लपवून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले, एका धार्मिक ज्यू गृहस्थांनी आमच्या धर्मश्रद्धेला हे चालत नाही म्हणून दावा लावला आणि २००६ मध्ये हरले, कोर्ट म्हणालं ही कला आहे. त्याच खंडात थोडं वर, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात माँट्रियलला सतरा वर्षांची मुलगी एका इमारतीच्या पायरीवर नुसती बसली होती, तिचा फोटो एका मासिकात आला, ओळखीचे लोक तिला हसले, तिने दावा लावला आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तिला २००० डॉलर देणं कायम ठेवलं. जर्मनीत तर आणखी मजा. तिथे स्वतःच्या चित्रावरचा हक्क १९०७ पासून कायद्यात आहे आणि त्याचं मूळ १८९८ मध्ये आहे, बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले, त्या संतापातून तो आला. तरी २०१८ मध्ये तिथल्याच घटना न्यायालयाने स्ट्रीट फोटोग्राफी ही कला आहे असं मान्य केलं, आणि त्याच निकालात बर्लिनच्या रस्त्यावर एका बाईंचा भलामोठा फोटो प्रदर्शनासाठी उभा केला होता त्यात त्यांचा हक्क डावलला गेला हेही मान्य केलं. मला विचाराल तर हा निकाल आमच्या त्या दीड तासाच्या भांडणापेक्षा खूप समंजस आहे. पण मुद्दा हा की न्यूयॉर्कला जे बरोबर ते माँट्रियलला चूक असेल तर "कायदेशीर आहे" हे वाक्य तुमच्या त्या बाकावरच्या म्हाताऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. दंड होईल की नाही एवढंच सांगतं.

राहिल्या वहिनी, परवानगीवाल्या. मनाने मी त्यांच्याच बाजूचा आहे म्हणून त्यांच्याशी जास्त भांडतो. परवानगी हा शब्द आपण फार सोपा करून टाकलाय. भाषा येत नाही, कॅमेरा वर करून भुवया उडवल्या, समोरचा कसनुसा हसला, झाली परवानगी? पर्यटकांवर ज्याचं पोट आहे तो नाही म्हणेल का? कित्येक टुरिस्ट गावांत पारंपरिक कपडे घालून उभी असलेली माणसं विचारायच्या आत हो म्हणतात, कारण तो त्यांचा धंदा आहे, आणि त्या फोटोत रस्त्यावरचं जगणं औषधाला सापडत नाही. म्हणजे परवानगी पक्की आणि फोटो खोटा. उलट बाजूला भर चौकात तीनशे माणसं आहेत, ती कोणाकोणाला विचारणार? झोपलेला माणूस, लहान पोरं, रडणारं कोणी, हात पसरून बसलेलं कोणी, यांचे फोटो न विचारता काढू नयेत यावर माझ्या मते चर्चाच नको, ते सोडून पुढे जाऊ. पण बाकीच्या रस्त्यासाठी "विचारा" हा नियम पुरत नाही.

जपानमधल्या क्योतोच्या गिओन भागाचं उदाहरण घ्या. गेइको (म्हणजे तिथल्या गेइशा) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) संध्याकाळी कामाला निघतात तेव्हा त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन पळणारे, किमोनो ओढणारे, वाट अडवणारे पर्यटक इतके झाले की २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन असे बोर्ड लागले आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. लोक म्हणतात सोशल मीडियाने वाट लावली. पण ही शिकार जुनी आहे हो. फेलिचे बेआतो नावाचा फोटोग्राफर १८६३ मध्ये योकोहामाला पोचला, त्याच्या स्टुडिओत किमोनोतल्या बायका, सामुराईचे कपडे घातलेले पुरुष मांडून फोटो निघायचे, वर हाताने रंग भरायचे आणि बोटीने आलेले परदेशी त्याचे अल्बम घेऊन घरी जायचे. त्या फोटोंत सगळ्यांची परवानगी होती, बहुतेकांना पैसेही मिळाले असणार. तरी "जपान म्हणजे हेच" असं जे एक चित्र तयार झालं ते दीडशे वर्षांनी गिओनच्या गल्लीत पळत सुटलंय. पर्यटक कामाला निघालेल्या बाईचा फोटो काढत नसतात, घरून निघताना डोक्यात जो फोटो घेऊन आलेले असतात त्याच्याशी जुळणारी बाई शोधत असतात. ती नुसती चालत असली तरी चालते, थांबली नाही तर ओढायचं.

हाच बेआतो त्याआधी, १८५८ मध्ये, लखनौला येऊन गेला होता. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ ते १८७५ मध्ये, इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, साडेचारशेच्या वर फोटो, प्रत्येकाखाली ही जात अशी, ती जमात तशी, हे लोक विश्वासू, ते चोरटे. मी त्यातले काही फोटो बघितलेत. ज्या डोळ्यांनी ती माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत ना, ते एकदा बघितलं की परक्या गल्लीत कॅमेरा वर करताना हात जरा जड होतो. त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. कुठला माणूस विचारलं तर पुस्तक जमात सांगतं, जिल्हा सांगतं. "लिस्बन, नाही, पोर्तो असेल." फरक आहे, मान्य, माझा मित्र काही साम्राज्य चालवत नाहीये, झोपलेल्या म्हाताऱ्याचं त्याने काही वाकडं केलेलं नाही. पण माणूस नमुना होऊन जातो तो असाच, घाईत, वाईट हेतू नसताना.

माणसांचं एवढं बोललो, पण नुसत्या शहराच्या देखाव्याचं काय, तिथे तर कोणी दुखावत नाही असं वाटतं ना? हाँगकाँगला क्वॉरी बे भागात यिक चोंग नावाची इमारत आहे, मॉन्स्टर बिल्डिंग म्हणतात, सभोवती एकावर एक कोंबलेली घरं, चौकात उभं राहून वर बघितलं की घेरी यावी. लोक तिथे जमिनीवर आडवे पडून फोटो काढतात. सुंदरच येतो. फक्त त्या प्रत्येक चौकोनात कोणाचा तरी एसी, कोणाची तरी वाळत घातलेली चादर, कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं, आणि शेवटी फोटो काढू नका असे बोर्ड लागले. पॅरिसला र्यू क्रेमियो ही रंगीत घरांची इवलीशी गल्ली, २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्लीला फाटक लावा अशी मागणी केली. तिथल्याच कोणीतरी एक झकास उद्योगही केला, दारात येऊन गिरक्या घेणाऱ्या, योगासनं करणाऱ्या, सुटकेस उघडून कपडे बदलणाऱ्या पाहुण्यांचेच फोटो काढून टाकायला सुरुवात केली. म्हणजे पब्लिक जागाच, कायदेशीरच, आणि कँडिड! आवडलं असेल का कोणाला?

ऑस्ट्रियात हालश्टाटला, जेमतेम आठशेच्या आत वस्ती, सीझनमध्ये दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसं, २०२३ मध्ये तिथे तळ्याच्या सगळ्यात प्रसिद्ध देखाव्यासमोर लाकडी कुंपण घातलं, ओरड झाली, काढलं. जपानमध्ये फुजिकावागुचिकोला एका लॉसन दुकानाच्या छपरावर माउंट फुजी बसलाय असा फोटो मिळतो, तर २०२४ च्या मे महिन्यात समोर अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली आणि थोड्याच दिवसांत तिला कॅमेऱ्याच्या लेन्सएवढी भोकं पडलेली सापडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे जाळी उतरवली ती परत काही लागली नाही. या बातम्या आल्या की एक गट म्हणतो बघा, डोंगरावर पण यांची मालकी, आणि दुसरा म्हणतो बघा, पर्यटक जनावरं झालेत. पण तिथल्या लोकांची तक्रार नीट वाचा ना. फुजीचा फोटो काढता याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. गाड्या वाहत्या असताना रस्ता ओलांडतात, कचरा टाकतात, समोरच्या दाताच्या दवाखान्याच्या आवारात गाड्या लावतात, कोणी त्याच्या छपरावर चढतात, सांगायला गेलं तर ऐकत नाहीत, असं ते होतं. याचं मूळ शोधायला गेलं तर ते बसच्या वेळापत्रकात सापडतं. वीस मिनिटं थांबा, फोटो घ्या, बसा. वीस मिनिटांत माणूस काय करणार, आधी कोणीतरी काढलेला फोटो पुन्हा काढणार, त्याच जागेवरून, त्याच अँगलने, आणि त्या जागेवर आधीच दोनशे जण असले तर छपरावर चढणार. जाळी लावून यातलं काय थांबणार होतं?

यावर म्हणाल, की बाबा रे, आमच्याकडे आठ दिवसांची रजा असते, चार शहरं करायची असतात, थांबायला वेळ कुठून आणू? हा आक्षेप मला खरंच अडवतो. थांबणं ही चैन आहे, महिनाभर एका गावात पडून राहणं सगळ्यांना जमत नाही. पण मी महिन्याबद्दल बोलतच नाहीये. यूजेन आत्जे या फोटोग्राफरने तीस वर्षं पॅरिसचे दगड, दारं, जिने टिपले, त्याच त्याच जागी परत परत जाऊन, ते आपल्याला झेपणारं नाही. दहा मिनिटं मात्र झेपतात. चार फोटो कमी काढले की दहा मिनिटं निघतात. आणि लेन्स. हे तांत्रिक वाटेल पण इथे बरंच काही ठरतं. ३५ एमएमची लेन्स लावली तर माणूस फ्रेममध्ये नीट यायला तुम्हाला त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर जावं लागतं, तो तुम्हाला बघतो, कपाळाला आठी घालतो किंवा नाही घालत, तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. २०० एमएमने तुम्ही रस्त्याच्या पलीकडून, खांबाआडून काढता, त्याला पत्ताही लागत नाही आणि तुम्हाला त्याची आठी कधी दिसत नाही. फोनमध्येही आता पाचपट झूम आलाय, तीच गत. जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनचा शटरचा आवाज सहसा बंद करता येत नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांमुळे ती पद्धत पडली, आणि तिथे फिरलेले लोक त्या खट्ट आवाजाला वैतागतात. मला तो आवाज आवडतो. मी इथे आहे असं तो सांगून टाकतो.

लिस्बनला मोरारिया म्हणून जुनी, चढउतारांची वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीत भिंतींवरच फोटो छापलेत, तिथल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, सरळ दगडावर. काढणाऱ्या बाई ब्रिटिश, म्हणजे बाहेरच्याच, पण त्यांचा स्टुडिओ त्याच वस्तीत. फोटोतली माणसं दाराबाहेर पडली की स्वतःच्याच फोटोसमोरून बाजारात जातात. परक्याने काढलेला फोटो आणि ज्याचा काढला त्याच्याच दारात लावलेला, मला वाटतं याच्यापुढे परवानगीच्या कागदाची किंमत काही नाही. असं करण्याची हिंमत आपल्या किती फोटोंबद्दल होईल हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तर फार बरं येत नाही.

कारण माझंही एक आहे. तिथून जवळच, आल्फामात, सकाळी आठच्या सुमाराला मी एका खिडकीखाली उभा होतो. निळ्या टाइल्स, मधे हिरवी फळ्यांची खिडकी, दोरीवर तीन पांढरे टॉवेल आणि मागे अंधारात एका आजींचा चेहरा, त्या खाली बघत नव्हत्या, नुसत्या हवेत बघत होत्या. मी भिंतीला चिकटलो, झूम केला, दोन काढले. दुसऱ्या वेळी त्यांनी बघितलं. काही बोलल्या नाहीत, हात केला नाही, टॉवेल एकेक करून आत घेतले, ते अजून ओले असणार कारण पाणी खाली माझ्या बुटांवर टपकत होतं, आणि फळ्या लावून घेतल्या. मी काय केलं? उतार होता, भराभर खाली गेलो. वर बघून हात जोडले असते, माफ करा अशी खूण केली असती, काहीही. पाच सेकंदांचं काम. ते केलं नाही.

इस्तंबूलच्या गलाता पुलावर वर्षभराने गेलो तेव्हा ते डोक्यात होतं बहुतेक. तिथे वरच्या कठड्याला गळ टाकून माणसं ओळीने उभी असतात, मागून ट्राम जाते, फोटोला यापेक्षा सोपी जागा नाही. मी एकाच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिलो, फोन हातात, सरळ दिसेल असा. त्याने एकदा बघितलं, दुर्लक्ष केलं. पाऊण तास झाला असेल, चहावाला दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा मी दोन घेतले. त्याने ग्लास घेतला, मग माझ्या फोनकडे हनुवटीने खूण केली, आणि मी त्याच्याकडे फोन वळवतोय तेवढ्यात मान हलवून नाही म्हणाला आणि बोटाने खाली बादली दाखवली. त्यात बोटभर लांबीचे चंदेरी मासे, इस्तावरित म्हणतात, दोन अजून तडफडत होते. त्याला त्यांचा फोटो हवा होता. काढला. आला यथातथाच, अर्धी बादली, एक मासा हलल्यामुळे नुसती रेघ, कोपऱ्यात त्याच्या रबरी बुटाचं टोक. पूल नाही, मशिदी नाहीत, चेहरा नाही.

परवा मित्राकडे माझी पाळी आली तेव्हा तो टीव्हीवर लावला, तर काका म्हणाले हे काय, बादली? मग दहा मिनिटं मी त्या माणसाबद्दल बोलत होतो. आल्फामाचे दोन्ही फोटो त्याच फोनमध्ये आहेत. दुसऱ्यात त्या सरळ लेन्समध्ये बघतायत आणि फोटो म्हणून तो माझा त्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला आहे. डिलीट करवत नाही, आणि अजून कोणाला दाखवलेला नाही.